कृत्रिम मलमार्ग : कारणे आणि दक्षता

मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर आणून मलास वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेस ‘कोलोस्टॉमी’ म्हणतात. गुदाशयाचा कर्करोग, आतड्यास पडलेला पीळ, अपघातातील जखम आणि नवजात अर्भकास गुदद्वार नसणे ही तिची प्रमुख कारणे होत. अनेकदा हा मार्ग तात्पुरता असून पुढे बंद करता येतो.

त्वचा सोलवटणे, आतडे बाहेर घसरणे, छिद्र आकसणे व हर्निया हे उपद्रव संभवतात. निरोगी छिद्र ओलसर व लाल दिसते. ते काळे पडल्यास तत्काळ शल्यचिकित्सकास दाखवावे.

पाथरी तालुक्यात कोठेही प्रसूती होताच अर्भकाचे गुदद्वार पाहावे. ते नसल्यास त्याच दिवशी परभणीस न्यावे. अशा रुग्णास कोणी विटाळ मानून दूर ठेवू नये. शाळेत आणि पंचायतीत त्याचे स्थान पूर्ववत राहिले पाहिजे.