वाहनाच्या रंगाचे पारदर्शक कवच : दोष व दुरुस्ती

भूम तालुक्यातील ईटसारख्या गावांत शाळेची गाडी वा जीप पुष्कळदा उघड्यावरच उभी राहते. ऊन व धूळ यांमुळे रंगावरील पारदर्शक लेप, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘क्लिअर’, निस्तेज होतो. हा लेप सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा जाड असतो. म्हणून घासकाम बेतानेच करावे लागते.

प्रथम दोष ओळखावा. नख न अडकणारा ओरखडा, लेपाचा ओघळ किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा घासून घालविता येतो. गाडी स्वच्छ धुवावी. १५०० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. नंतर २००० व ३००० नंबरचा वापरावा. शेवटी कंपाउंड व पॉलिश लावावे. कडांवर लेप पातळ असल्याने तेथे घासणे टाळावे. पाण्यात मूळ रंगाची छटा दिसताच थांबावे. तेथे लेप संपलेला असतो.

पोपडे सुटले असतील, तर पॉलिश निरुपयोगी ठरते. खराब लेप घासून काढून तो भाग पुन्हा रंगवावा लागतो व त्यावर नवा क्लिअर फवारावा लागतो. दोन घटकांच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट द्रव्ये असतात. ती श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवीत नाही. म्हणून शाळेने वा ग्रामपंचायतीने काम सोपविताना केवळ दर न पाहता, कारागिरास योग्य श्वसनसंरक्षक व मोकळी हवा मिळते काय, याचीही खात्री करून घ्यावी.