ओसाड बेटावर अरण्य कसें येतें?

प्रथम शेवाळ, मग नेचे, मग गवत, मग झुडुपें व शेवटीं अरण्य, हा अनुक्रमणाचा क्रम आमचे विद्यार्थी परीक्षेंत न चुकतां लिहितात. तो खोटा नाहीं. पण त्यावरून निसर्ग शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें चालतो असा समज होतो. तो समज कितपत खरा, हें क्राकाटोआ बेटावर पाहावयास मिळतें.

हें बेट जावा व सुमात्रा ह्यांमधील सुंदा सामुद्रधुनींत आहे. १८८३ च्या ऑगस्टच्या २६ व २७ तारखांस तेथील ज्वालामुखीचा स्फोट होऊन बेटाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग नाहींसा झाला. मुख्यतः त्यामुळें उसळलेल्या लाटांनीं ३६,००० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. उरलेला राकाटा नांवाचा तुकडा तप्त राखेखालीं गाडला गेला. १८८४ च्या मे महिन्यांत तेथें उतरलेल्या मंडळीस एकच सजीव आढळला: एक इवलासा कोळी. भोंवतीं दुसरा जीव दिसत नसतां तो जाळें विणीत होता!

१८८६ सालीं मेल्खिओर ट्रब ह्या डच वनस्पतिशास्त्रज्ञास राखेवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा बुळबुळीत थर व नेच्यांच्या ११ जाती आढळल्या. नेच्याचे बीजाणु धुळीसारखे सूक्ष्म. सुमारें ४० किलोमीटर समुद्र ओलांडणें वाऱ्याच्या पाठीवर त्यांस जड नाहीं. किनाऱ्यावर लाटांनीं मर्यादवेल आणली, जी कोंकणांतील मुलांच्या ओळखीची आहे. १८९७ पर्यंत आंतील उतारांवर उंच गवत माजलें. झाडें मागाहून आलीं. उंबराच्या वर्गांतील फळें खाऊन पक्षी व वटवाघळें येत आणि विष्ठेबरोबर बीं टाकून जात. विसाव्यास एकेक झाड मिळूं लागलें, तशीं तीं अधिक येऊं लागलीं. १९३० च्या सुमारास बहुतेक उतार वनानें झांकले. सावली पडतांच गवत हटलें, आणि उघड्या माळावर राहणारा खाटीक पक्षीहि बेटावरून नाहींसा झाला.

अमेरिकन पंडित क्लेमेंट्स ह्यांनीं १९१६ सालीं प्रतिपादिलें कीं, वनसमूह एखाद्या प्राण्याप्रमाणें ठरल्या क्रमानें वाढून ठराविक प्रौढ रूपास पोंचतो. ग्लीसन ह्यांनीं १९२६ सालीं ह्यास हरकत घेतली. प्रत्येक जाति आपापल्या परीनें येते, व कोण कोठें पोंचेल ह्यांत योगायोगाचा वांटा मोठा, असें त्यांचें म्हणणें. क्राकाटोआची साक्ष आम्हांस ग्लीसन ह्यांच्याकडे झुकलेली दिसते. राकाटावर कदंबाच्या कुळांतील निओनॉक्लिआ वृक्षांचें रान झालें. शेजारच्या सेर्तुंग व पांजांग बेटांवर हवा तीच, १८८३ ची राख तीच, तरी टिमोनियस व डिसॉक्झिलम हे वृक्ष प्रबळ झाले. कोणतें बीं आधीं पोंचलें, हें एक कारण. दुसरें कारण अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटाऊचें मूल. १९३० पासून समुद्रावर टिकून राहिलेल्या ह्या नव्या ज्वालामुखीची राख त्या दोन बेटांवर अधिक पडत आली. ह्या मुलाच्या स्वतःच्या अंगावर गवत व सुरू रुजतात न रुजतात तोंच नवा उद्रेक त्यांस पुरून टाकी. आणि २०१८ च्या डिसेंबरांत तर त्याचा मोठा भागच समुद्रांत कोसळला.