बाळंतिणीची शुश्रूषा : पहिले बेचाळीस दिवस

मूल जन्मास आले म्हणजे घरातील सर्वांचे लक्ष त्याच्याकडे लागते. मुलगा की मुलगी, वजन किती, तोंडवळा कोणाचा, ह्या चौकशांनी घर भरून जाते. जिने नऊ महिने त्यास पोटात वाहिले ती मात्र कोपऱ्यातल्या बाजेवर पडून असते, आणि "सुटका झाली, आता काळजी नाही," असे म्हणून वडीलधाऱ्या बाया निःश्वास टाकतात. ह्याच समजुतीविषयी ह्या पाठात आम्हांस लिहावयाचे आहे. सुटका झाली म्हणजे धोका टळला असे नव्हे. बाळंतपणामुळे ज्या स्त्रिया दगावतात त्यांपैकी पुष्कळजणी मूल जन्मल्यानंतरच दगावतात. त्यांतही पहिला दिवस व पहिला आठवडा हे सर्वांत नाजूक होत. बाळंतिणीच्या शुश्रूषेचे सार दोन गोष्टींत आहे : स्वच्छ हात आणि जागता डोळा.

१. हात स्वच्छ का असावेत?

ऑस्ट्रिया देशाच्या व्हिएन्ना शहरात एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली डॉक्टरांच्या विभागात दर 100 बाळंतिणींमागे सुमारे 11 मरण पावल्या. सुइणींच्या विभागात 3 देखील नाहीत. इग्नाझ झेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने ह्याचा शोध केला. डॉक्टर व विद्यार्थी प्रेते चिरून तपासण्याच्या खोलीतून निघत व तेच हात घेऊन बाळंतिणीस तपासावयास येत. 1847 साली त्याने असा नियम केला की, चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीस स्पर्श करू नये. 1848 साली त्याच विभागात मरणाऱ्यांचे प्रमाण 100 मध्ये सुमारे 1 वर आले. रोगजंतूंची ओळख तेव्हा कोणास नव्हती. पुढे 1879 साली फ्रान्सचे लुई पाश्चर ह्यांनी सूतिकाज्वराचा जंतू दाखवून दिला.

ह्यावरून आपण काय शिकावे? त्या स्त्रियांस मारणारे हात शत्रूचे नव्हते, मदत करणाऱ्यांचेच होते. आपल्या घरीही बाळंतिणीची घडी बदलणारी, तिला न्हाऊ घालणारी बाई प्रेमानेच येते. परंतु शेण सारवून, जनावरांस चारा घालून आलेला हात प्रेमाने स्वच्छ होत नाही. तो साबण व पाण्यानेच स्वच्छ होतो. नखे कापावी, बांगड्या वर साराव्या, आणि कोपरापर्यंत हात धुवावे. घड्यांची फडकी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. लाजेमुळे ती दुसऱ्या कपड्याखाली किंवा अंधाऱ्या कोनाड्यात वाळत घालतात, ते अगदी चुकीचे होय.

२. पहिला दिवस : रक्तस्राव

वार पडली म्हणजे ती जेथे चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळले गेले म्हणजे त्या आपोआप मिटतात. ते सैल राहिले तर रक्त वाहत राहते. बेंबीच्या आसपास हात ठेवला असता गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागले पाहिजे. मऊ लागल्यास तेथे हलक्या हाताने गोल चोळावे, बाळंतिणीस लघवी करावयास लावावे, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयास आवळू देत नाही, आणि मूल छातीशी लावावे. मूल चोखू लागले की गर्भाशय आवळते. म्हणून पहिल्या तासाभरातच मूल पाजावे. पिवळा चीक पिळून टाकू नये. मुलास तो अन्न होय आणि आईस औषध होय.

पाच मिनिटांच्या आत घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या, किंवा बाळंतीण फिकट पडून तिला घेरी येऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न करता तिला दवाखान्यात न्यावे. "थोडा वेळ पाहू" हे वाक्य अशा वेळी उच्चारू नये. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे तिला थोडा स्रावही सोसत नाही. वार पूर्ण पडली नसेल तर रक्तस्राव काही दिवसांनी अकस्मात सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे. चोवीस तासांत पाचांहून अधिक घड्या भिजू लागल्या तर डॉक्टरांस दाखवावे.

३. पहिला आठवडा : ताप

आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्रीचे फार भय मानीत. सटवाई येते असे समजून रात्र जागवीत. जुन्या लोकांनी भय ओळखले होते, पण त्याचे कारण त्यांस ठाऊक नव्हते. त्याच दिवसांत जंतूंमुळे येणारा ताप प्रकट होतो. अंगाला थंडी वाजून 100.4 अंश किंवा त्याहून अधिक ताप आला, ओटीपोट दुखू लागले, स्रावास दुर्गंधी आली, तर तो सूतिकाज्वर समजावा व त्याच दिवशी उपचार करावा. आता ह्यावर उत्तम औषधे आहेत. पण औषध वेळेवर पोचले तरच उपयोग. "दूध उतरताना ताप येतोच," असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, मग फिका, मग पिवळट-पांढरा होत जातो. लाल रंग परत आला तर विचारपूस करावी.

४. खोली, शेक व अन्न

कित्येक घरी सोयर पाळण्याच्या रूढीने बाळंतिणीस अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवितात, दारे-खिडक्या बंद करून शेगडी पेटवितात व धुरी देतात. ऊब चांगली, धूर वाईट. बंद खोलीतील कोळशाचा धूर आई व मूल दोघांचाही जीव घेऊ शकतो. खोलीत उजेड व मोकळी हवा असावी, मात्र मुलाच्या अंगावर वारा येऊ देऊ नये.

पाणी तोडणे ही दुसरी वाईट रूढी. आईच्या अंगी पाणी नसेल तर दूध कोठून यावे? तहान लागेल तेवढे उकळून निववलेले पाणी तिला द्यावे. पहिल्या दिवसापासून भाकरी, वरण, भात, पालेभाजी, दूध, आणि मिळत असल्यास अंडी व मासे द्यावे. आळीव, डिंक, खोबरे ह्यांचे लाडू उत्तमच. परंतु ते जेवणाच्या जागी नव्हेत, जेवणाच्या जोडीस. पाजणाऱ्या आईस नेहमीपेक्षा अधिक अन्न लागते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यावयाच्या असतात. मूल झाले म्हणून त्या बंद करू नयेत.

विश्रांती म्हणजे केवळ पडून राहणे नव्हे. डॉक्टरांची मनाई नसेल तर पहिल्याच दिवसापासून हळूहळू उठावे, चार पावले चालावे. सारखे निजून राहिल्याने पायातील रक्त गोठते. एकाच पायाची पोटरी सुजली व दुखू लागली तर ती चोळू नये, डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या टोकास, दहाव्या दिवशी डोक्यावर मोळी देणे किंवा उसाच्या फडात नेणे हेही क्रूरपणाचे होय. ह्या दिवसांत पाणी भरणे, लाकडे फोडणे ही कामे नवऱ्याने करावी. त्यात कमीपणा नाही.

५. झटके व मनाचे दुखणे

बाळंतिणीचे डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजले, तर रक्तदाब तपासून घ्यावा. उपचार न झाल्यास झटके येतात, व ते मूल झाल्यानंतरच्या दिवसांतही येऊ शकतात. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारा व मांत्रिक ह्यांत गेलेली घटका परत मिळत नाही.

पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे पुष्कळजणींस होते, व ते दोन आठवड्यांच्या आत ओसरते. तसे न होता उदासी वाढत गेली, झोप उडाली, मुलाकडे पाहवेनासे झाले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार तिने बोलून दाखविले, तर तिला एकटी सोडू नये. तिला रागे भरू नये. हाही आजारच आहे, आणि तो बरा होतो.

६. डोळा कोणाचा?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांस शिकवून घरोघर पाठविले. त्यांनी 772 बाळंतिणींची पाहणी केली. तिचा वृत्तांत 2004 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या दिवसांत दर 100 पैकी सुमारे 43 जणींस काही ना काही त्रास आढळला. सुमारे 18 जणींस स्तनांचा, सुमारे 15 जणींस उशिरा सुरू झालेल्या रक्तस्रावाचा. म्हणजे ही दुखणी विरळा नाहीत. पाहावयास कोणी जात नाही म्हणून ती दिसत नाहीत. आणि पाहणारी गावचीच बाई असू शकते.

हल्ली बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, व बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. त्यानंतर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी यावे अशी सरकारी व्यवस्था 2011 पासून आहे. बाळंतपण घरीच झाले असल्यास पहिल्या दिवशीही. ती दाराशी आली म्हणजे मूल तिच्या हाती देऊन वाटेस लावू नये, बाळंतिणीसही दाखवावे. तिला एकांतात बोलू द्यावे, कारण सासू-सासऱ्यांदेखत कोणती सून आपल्या स्रावाविषयी बोलेल? आणि 102 व 108 हे गाडी बोलावण्याचे आकडे भिंतीवर कोळशाने का होईना, पण मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

बायकांच्या सभेत विचारावयाचे प्रश्न

1. व्हिएन्नाच्या इस्पितळात मरण कोणाच्या हातून येत होते, व ते कशाने थांबले?
2. गर्भाशय मऊ लागल्यास कोणत्या तीन गोष्टी कराव्या?
3. कोणती लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा?
4. आपल्या गावात ह्या महिन्यात कोण बाळंत झाली आहे, व आज तिला भेटावयास कोण जाईल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ह्या पाठात सापडतील. चौथ्याचे उत्तर सभा संपण्यापूर्वी ठरवावे, व जी जाईल तिने दाराशी प्रथम हात धुवावे.