आजार शरीराचा, घाव मनाचा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आपण भित्तिपत्रके लावतो, प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तासाला बसतो. मीही तसेच करीत असे. परंतु गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली आणि त्यामुळेच मला या विषयाचा अभ्यास करावासा वाटला.

आम्ही तुर्भ्याला राहतो. वडील बाजारात माथाडी कामगार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वस्तीतील कोणाचे पत्र असो, विजेचे बिल असो की दवाखान्याचा कागद, तो वाचायला माझ्याकडे येतो. एके संध्याकाळी शेजारच्या एक मावशी रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आल्या. एका खाजगी ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी झाली होती. कागद हाती दिला गेला, पण समजावून कोणी सांगितले नव्हते. आमच्या दारात चार बायका बसल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत सारे इंग्रजी वाचले आणि अर्थही सांगितला. मावशींनी कागदाची घडी केली आणि काही न बोलता त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नळावर त्यांच्या हंड्याच्या आजूबाजूला जागा रिकामी राहू लागली. पुढे तीन महिने त्या कोणत्याच दवाखान्यात गेल्या नाहीत.

मानसशास्त्राच्या बाईंना मी हे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तू जो अर्थ सांगितलास, तो तुला तरी कळला होता का?" कळला नव्हता. म्हणून प्रथम तोच समजून घेऊ.

एच.आय.व्ही. हा विषाणू शरीराची रोगप्रतिकारशक्ती हळूहळू क्षीण करतो. उपचार न झाल्यास पुढे जी अवस्था येते, तिला एड्स म्हणतात. असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून बाळाला, हे त्याच्या प्रसाराचे मार्ग होत. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका नळाचे पाणी भरल्याने तो पसरत नाही. शिवाय पहिली एक चाचणी म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीस बाधित ठरविण्यापूर्वी सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. चाचणीपूर्वी संमती घेतात, समुपदेशन करतात. निकालानंतरही समुपदेशन करतात आणि तेही एकांतात. दारात बसून मी जे केले, ते याच्या नेमके उलट होते.

भारतात या विषाणूची बाधा प्रथम १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या कामातून उघडकीस आली. त्या काळी या रोगावर उपाय नव्हता. आज तशी स्थिती नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत ए.आर.टी. औषधे देण्यास आरंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून तर निदान होताच, प्रतिकारशक्ती किती उरली आहे याची वाट न पाहता, औषध सुरू करण्याचे धोरण आहे. ही औषधे विषाणूचा समूळ नाश करीत नाहीत. परंतु ती नियमित घेणारा माणूस दीर्घकाळ निरोगी जगू शकतो. रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली येऊन तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारास लागणही होत नाही.

मग अडते कोठे? अडते ते मनाशी. निदान कळताच धक्का बसतो. काही जण ते खरे मानीतच नाहीत; काहींना स्वतःचा संताप येतो, अपराधी वाटते, झोप उडते. त्यात भर पडते ती लोकांच्या नजरेची. कोणी पाहील म्हणून माणूस केंद्रात जात नाही. घरात पाहुणे आहेत म्हणून गोळी चुकवतो. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे मनाला झालेला घाव शेवटी शरीरावरच उतरतो. म्हणूनच समुपदेशन हा उपचाराचाच भाग होय.

या भीतीला आधार नाही असे कोण म्हणेल? मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एका हंगामी मजुराच्या खटल्याचा निकाल लागला. केवळ एच.आय.व्ही.बाधित आढळला म्हणून एका सार्वजनिक महामंडळाने त्याचे काम बंद केले होते. एरवी तो कामास सक्षम होता. काम करण्यास समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाची रोजी अशी हिरावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. या खटल्यात त्या मजुराचे नाव कोठेही नाही. न्यायालयाने त्याला दोन अक्षरांनी ओळखले: एम. एक्स. त्याचा हक्क त्याला मिळाला आणि त्याचे गुपितही राहिले. पुढे २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा हेच सांगतो: संमतीवाचून चाचणी नको, संमतीवाचून वाच्यता नको, नोकरी, शिक्षण व उपचारांत भेदभाव नको.

माझे वडीलही हमाली करतात. एम. एक्स.विषयी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्यांचाच चेहरा आला. न्यायालयाने एका अनोळखी मजुराचे नाव जपले आणि मी शेजारणीचे उघड केले, याची मला लाज वाटली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेक जण घरातील पहिलेच शिकणारे आहेत. लोक विश्वासाने आपल्या हाती कागद देतात. वाचता येणे ही विद्या खरी. पण कोठे, कोणासमोर वाचावे हे कळणे ही तिची दुसरी बाजू आहे. असा कागद आला तर दार लोटून घ्या, अर्थ लावीत बसू नका आणि त्या व्यक्तीसोबत सरकारी केंद्रात जा. १०९७ या मोफत दूरध्वनीवर माहिती मिळते. मन खचले असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मावशींची मी क्षमा मागितली. आई त्यांच्याबरोबर केंद्रात गेली. तेथे काय निष्पन्न झाले, ते त्यांचे त्यांच्याजवळच राहो. हा लेख छापण्यास देण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखविला. या वेळी दार लावून घेतले होते.