चित्रं कच्ची की मोकळी?

प्रश्न : माहा मावसभाऊ अकोल्याले राह्यते. आम्ही दोघंही ‘जुजुत्सू कायसेन’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाह्यतो. मी म्हणतो दुसरा सीझन पह्यल्यापेक्षा भारी हाये. तो म्हणते चित्रं कच्ची हायेत अन् गोष्टीचा पत्ताच लागत नाही. खरं कोनाचं? अन् स्टुडिओ एकच असून इतका फरक कायले पडला?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ज्यांनी अजून पाहिलेलं नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे कथा उघड होणार आहे.

स्टुडिओ एकच, माप्पा. पटकथाही दोन्ही वेळा हिरोशी सेको यांचीच. बदलला तो दिग्दर्शक. 2020-21च्या 24 भागांचं दिग्दर्शन सुंगहू पाक यांचं होतं. ते माप्पा सोडून गेले आणि 2023चं पर्व शोता गोशोझोनो यांच्या हाती आलं. या पर्वात पात्रांच्या अंगावरच्या रेघा आणि सावल्या कमी झाल्या. रेघा कमी असल्या की एकेक चित्र लवकर होतं आणि पात्राला मोकळेपणानं हलवता येतं. तुमच्या भावाला कच्ची वाटलेली बरीचशी चित्रं मुद्दाम तशी काढलेली आहेत. बरीचशी म्हणतो, सगळी नव्हे.

माझ्या मते या पर्वाचं खरं सोनं पहिल्या पाच भागांत आहे. 2006 सालचे गोजो आणि गेतो, दोघं जिवलग मित्र, रिको नावाच्या मुलीला सांभाळायला निघतात आणि तिला गमावून बसतात. तिच्या मृत्यूवर एका पंथाची माणसं हसतमुखानं टाळ्या वाजवतात. पुढे गेतो एकटा अंघोळीला उभा असतो तेव्हा पाण्याच्या आवाजातच त्या टाळ्या ऐकू येतात. माणूस आतून कसा उलटतो, हे इथे एकही भाषण न ठोकता कळतं. राक्षस आणि मंत्रशक्ती असलेल्या मालिकेत इतकं शांत, इतकं दुखरं लेखन क्वचित दिसतं, आणि पहिल्या पर्वात या तोडीचं काही नाही.

मग शिबुया. 31 ऑक्टोबर 2018ची रात्र आणि टोकियोतलं खरंखुरं गजबजलेलं स्थानक. शिबुयाचं हे कथानक अठरा भाग चालतं. सर्वांत ताकदवान गोजोला नवव्याच भागात कोंडून टाकलं जातं. हा निर्णय मला धाडसी वाटतो. मागे उरलेल्यांपैकी कुणीही जाऊ शकतं, ही भीती तिथून सुरू होते आणि अखेरपर्यंत सुटत नाही.

तेराव्या भागातली नायक इतादोरी आणि चोसोची स्वच्छतागृहातली मारामारी पुन्हा पाहा. 1914 साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब किंवा कुस्ती पाहिली असेल, तर अंगाचा भार कुठून कुठे जातो ते डोळ्याला चटकन दिसतं. त्या मारामारीत प्रत्येक ठोशाला तसा भार आहे. भिंत फुटते, पाणी सुटतं आणि त्याच पाण्यानं चोसोच्या रक्ताचं अस्त्र निकामी होतं. जागा आणि लढाई एकजीव झालेली आहे.

आता भावाची बाजू. सतराव्या भागात सुकुना आणि महोरागा यांची झुंज आख्खा परिसर उद्ध्वस्त करते. तिथे काही चित्रं थरारक आहेत, काही मात्र उघडच अर्धवट. त्याच सुमारास, नोव्हेंबर 2023 मध्ये, मालिकेवर काम करणाऱ्या काही चित्रकारांनी अपुऱ्या वेळाबद्दल समाजमाध्यमांवर जाहीर नाराजी मांडली होती. रेघ मोकळी सोडण्याचं स्वातंत्र्य त्यांना मिळालं, पण ते निभावायला लागणारे दिवस मिळाले नाहीत. यात दोष हाताचा नाही, वेळापत्रकाचा आहे. इतक्या गुणी माणसांना असं राबवून घेणं मला मनापासून खटकतं.

कथेतली उणीवही खरी आहे. माणसं एकाच वेळी इतक्या ठिकाणी लढतात की कोण कुठल्या मजल्यावर आहे याचा हिशेब लागत नाही. मंत्रांचे नियम ऐन लढाईत निवेदक समजावून सांगतो, त्यानं गती तुटते. आणि इतादोरीची साथीदार नोबारा हिच्यावर अन्याय झालाय. तिचं बालपण आपल्याला सविस्तर दिसतं ते थेट तिच्या सर्वांत कठीण क्षणी. आधीच्या भागांत तिला जागा दिली असती तर तो घाव कितीतरी खोल गेला असता.

गोष्टीचा पत्ता न लागण्याचं आणखी एक कारण असू शकतं. भावानं डिसेंबर 2021चा ‘जुजुत्सू कायसेन झीरो’ हा चित्रपट पाहिलाय का, ते विचारा. गेतोचा शेवट कसा झाला ते तिथेच कळतं. ते ठाऊक नसेल तर नवव्या भागात गेतो समोर उभा राहिल्यावर गोजो का थबकतो, हेच समजत नाही. पहिलं पर्व, मग हा चित्रपट आणि मग दुसरं पर्व, या क्रमानं त्याला पुन्हा पाहायला सांगा.