सायकलचे हँडल जड का होते?

मुलांनो, आपल्या जालना जिल्ह्यातील काळी माती तुम्हांला ठाऊक आहे. भोकरदनला जा किंवा परतूरला, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल! ही माती सायकलच्या हँडलच्या सांध्यात शिरते आणि हँडल जड होते. समोरून ट्रक आला आणि हँडल वेळेवर वळले नाही, तर जीवावर बेतते. म्हणून दोष लगेच शोधा.

पुढचे चाक जमिनीवरून उचला. हँडल दोन्ही बाजूंना फिरवा. ते सहज फिरले, तर चाकात हवा कमी असेल. हवा भरा.

तरीही ते जड लागले, तर दोष सांध्यात आहे. तेथे वर आणि खाली वाट्या असतात. त्यांत ग्रीस लावलेले पोलादी छर्रे असतात. ग्रीस वाळले, गंज चढला किंवा नट फार आवळला, तर छर्रे नीट फिरत नाहीत. खालच्या वाटीवर चिखल जास्त उडतो. हँडल सरळ असताना अडकत असेल, तर वाटीला खड्डे पडले आहेत असे समजा. ती वाटी बदलावी लागते.

मिस्त्री सांधा उघडून रॉकेलने धुतात, नवे ग्रीस भरतात आणि नट बेताने आवळतात. नंतर तुम्ही पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. सांध्यात खडखड झाली, तर नट सैल आहे. सैल हँडलही धोक्याचेच!

शब्दार्थ : सांधा – जोड, बेताने – प्रमाणात

स्वाध्याय
१. पुढचे चाक उचलून काय कळते?
२. वाटी केव्हा बदलावी लागते?