कारभाऱ्याची वही कोणी पाहावी?

पुण्यातील पर्वतीची टेकडी आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. त्या टेकडीवरील देवस्थानाच्या कारभाराविषयी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लोकांत मोठी कुरकुर उत्पन्न झाली. देवस्थानाचा पैसा पंचांच्या हाती असे. तो कसा खर्च होतो याविषयी लोकांचे समाधान होईना. या असंतोषातून पुण्यातील वजनदार मंडळी एकत्र जमली, आणि ता. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, हे तिचे मुख्य चालक होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा त्या सभेचा नियम होता.

या गोष्टीत आजच्या पाठाची दोन्ही अंगे आहेत. जो लोकांचा पैसा हाताळतो त्याने हिशोब द्यावा, हे एक. आणि जो हिशोब मागतो त्याने तो लोकांच्या वतीने व लोकांच्या हितासाठी मागावा, केवळ दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासाठी नव्हे, हे दुसरे. आमचे आमदार, खासदार व मंत्री यांची खाजगी मिळकत लोकांस कळावी काय, आणि त्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे सर्वांस खुली असावीत काय, या प्रश्नाचा विचार ही दोन अंगे ध्यानात ठेवून करू.

१. प्रतिज्ञापत्र कसे आले

पूर्वी उमेदवाराच्या मिळकतीविषयी मतदारास काहीच सांगितले जात नसे. १९९९ साली अहमदाबाद येथील काही प्राध्यापकांनी हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे नेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ता. २ मे २००२ रोजी असा निकाल झाला की, उमेदवार कोण आहे, त्याजवर कोणते खटले आहेत व त्याची मालमत्ता किती आहे, हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे. राज्यकर्त्या मंडळींस हे रुचले नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून, कायद्याने सांगितले असेल त्यापलीकडे उमेदवाराने काही सांगण्याची गरज नाही, असे ठरविण्यात आले. परंतु ता. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, आणि मतदाराचा हक्क कायम राहिला.

तेव्हापासून लोकसभेच्या व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारास नामनिर्देशनपत्रासोबत शपथेवर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यास 'नमुना २६' म्हणतात. स्वतःची, पती किंवा पत्नीची व अवलंबून असणाऱ्यांची जंगम व स्थावर मालमत्ता त्यात लिहावी लागते. रोकड, बँकेतील ठेवी, विमा, वाहने, दागिने, शेतजमीन, घरे, तसेच कर्ज व सरकारी देणी, हे सर्व त्यात येते. २०१९ पासून मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखविलेले एकूण उत्पन्नही लिहावे लागते, आणि त्या उत्पन्नाचा मार्ग कोणता हेही सांगावे लागते. ता. १३ मे २०२४ रोजी पुण्याने खासदारासाठी व ता. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आमदारांसाठी मत दिले, त्या वेळी प्रत्येक उमेदवाराचे असे प्रतिज्ञापत्र कोणासही पाहता येत होते. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

२. विवरणपत्र मात्र बंद

येथे वाचकाने एक भेद नीट समजून घ्यावा. प्रतिज्ञापत्र म्हणजे उमेदवाराने मतदारास दिलेला जबाब. विवरणपत्र म्हणजे त्याने प्राप्तिकर खात्यास दिलेला जबाब. पहिल्यात दुसऱ्याची केवळ बेरीज येते. मूळ कागद खात्यातच राहतो. ही प्रथा जुनी आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ५४ व्या कलमानेही असे कागद गुप्त ठेविले होते.

माहितीचा अधिकार २००५ साली मिळाल्यावर लोकांनी हे दार ठोठावून पाहिले. आमच्याच राज्यातील एक खटला प्रसिद्ध आहे. अकोल्यास नोकरी केलेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याची विवरणपत्रे व मालमत्तेचा तपशील गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी मागितला. ता. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विवरणपत्र ही खाजगी माहिती होय. व्यापक सार्वजनिक हित दाखविल्यावाचून ती देता येणार नाही. तो अधिकारी निवडून आलेला पुढारी नव्हता, तरी पुढाऱ्यांची विवरणपत्रे मागणाऱ्यांसही पुढे याच निकालाचा आधार दाखविण्यात आला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या कायद्याने तर या कलमाचे शब्द बदलून ते अधिकच आवळले.

३. दोन्ही पक्षांचे म्हणणे

विवरणपत्रे बंद असावीत असे म्हणणाऱ्यांचे बोलणे पोकळ नाही. ते म्हणतात, मनुष्य लोकसेवेस आला म्हणून त्याच्या बायकोमुलांचे घर चव्हाट्यावर का यावे? सर्वोच्च न्यायालयानेही अरुणाचल प्रदेशातील एका खटल्यात ता. ९ एप्रिल २०२४ रोजी सांगितले की, उमेदवाराने घरातील प्रत्येक बारीक वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही. जे खरोखर मोलाचे आहे, किंवा ज्यावरून त्याची राहणी कळते, ते मात्र सांगावे. शिवाय विवरणपत्र पाहून सर्व कळते असेही नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. म्हणून शंभर एकर बागाईत असणाऱ्या गृहस्थाचे करपात्र उत्पन्न शाळामास्तराहून कमी दिसेल, आणि त्यात लबाडी मुळीच नसेल.

उघडे करावे म्हणणाऱ्यांचे उत्तर असे: प्रतिज्ञापत्र खरे की खोटे याची चौकशी नामनिर्देशनपत्र घेणारा निवडणूक अधिकारी करीत नाही. कागद पुरा भरला आहे एवढेच तो पाहतो. मग पारख कोणी करावी? सावकाराची वही व कुळाची पावती एकमेकींशेजारी ठेविल्यावाचून जसा हिशोब लागत नाही, तसे प्रतिज्ञापत्र व विवरणपत्र शेजारी ठेविल्यावाचून सत्य निघत नाही. नॉर्वे देशात सर्वच नागरिकांच्या उत्पन्नाची व कराची यादी निघते. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकांत राष्ट्राध्यक्षांनी आपली विवरणपत्रे स्वतः होऊन प्रसिद्ध करण्याची चाल पडली. परंतु तो कायदा नव्हता, म्हणून २०१६ साली डोनाल्ड ट्रंप यांनी ती मोडली, आणि त्यांचे कागद २०२२ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या समितीमार्फतच बाहेर आले. यावरून हे दिसते की, जी गोष्ट केवळ चालीवर सोडिली, ती ज्याला नकोशी होईल तो मोडील.

४. आमचे मत

सर्व प्रजेची विवरणपत्रे उघडी करावीत, असे आम्ही म्हणत नाही. गावात एकाची कमाई दुसऱ्यास कळली म्हणजे हेवा, उसनवारीचा तगादा व चोराचे भय ही मागोमाग येतात. परंतु जो स्वखुशीने लोकांची तिजोरी सांभाळण्यास पुढे येतो, त्याची गोष्ट निराळी आहे. ता. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा स्वतःसाठी पैसा मिळविण्यात आपली शक्ती खर्च करणार नाही, अशी शपथ सभासदास घ्यावी लागे. आजच्या पुढाऱ्याकडून आम्ही एवढे मागत नाही. त्याने सन्मार्गाने पुष्कळ मिळवावे. पण अधिकारावर असेपर्यंत कोठून मिळविले ते दाखवावे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, निवडून आलेल्या प्रत्येकाचे अधिकाराच्या काळातील विवरणपत्र कायद्यानेच खुले असावे. खात्यांचे क्रमांक, राहण्याचा पत्ता व मुलांचा तपशील झाकावा. उत्पन्नाचे मार्ग, रकमा व भरलेला कर झाकू नये. २०१८ साली लोकप्रहरी या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकप्रतिनिधींच्या वाढत्या संपत्तीवर लक्ष ठेवणारी कायमची व्यवस्था असावी असे सांगितले होते; खुले विवरणपत्र हा त्या व्यवस्थेचा पाया होईल.

५. गावात काय करावे

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. जे उघडे आहे तेच आम्ही वाचीत नाही, ही खरी लाजेची गोष्ट होय. ज्यांस वाचता येते त्यांनी निवडणुकीच्या आधी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मिळवून चावडीवर किंवा सभेत शांतपणे वाचून दाखवावीत. दुसऱ्यांदा उभा राहणाऱ्याचे मागील व आताचे, अशी दोन्ही पत्रे पाहावीत. समजा, वर्षाचे उत्पन्न सहा लाख लिहिले आहे आणि पाच वर्षांत मालमत्ता चाळीस लाखांवरून तीन कोटींवर गेली आहे. लगेच चोर म्हणू नये. पुण्याच्या आसपास जमिनीचे भाव असे चढतात की, बापजाद्यांचे रान काही न करिता कोटीचे होते. परंतु तेच रान पूर्वी होते की नवे घेतले, हे विचारावे. नवे असेल तर पैसा कोठून आला, हे विचारावे. सातबारा वाचणाऱ्या शेतकऱ्यास हे कठीण नाही.

आणि एक गोष्ट मनावर धरावी. मतासाठी पाचशे रुपये घेणाऱ्यास पुढाऱ्याचा हिशोब विचारण्याचे तोंड राहत नाही. कारण त्याच्या स्वतःच्या वहीत ती रक्कम कोठे लिहावी, हे त्याला सांगता येत नाही. तसेच आमच्या मंडळीचा, पतपेढीचा व शाळेचा खजिनदार वर्षाचा हिशोब सर्वांसमोर वाचतो की नाही, हे आधी पाहावे. ज्या गावात लहान वही उघडी असते, त्या गावाचा मोठी वही मागणारा आवाज पुण्यासही ऐकू जातो आणि मुंबईसही.

विचारासाठी प्रश्न

१. प्रतिज्ञापत्र व प्राप्तिकराचे विवरणपत्र यांत भेद काय?
२. विवरणपत्रात उत्पन्न थोडे दिसले म्हणजे लबाडी झाली असे का म्हणता येत नाही?
३. हिशोब विचारणे व हेवा करणे यांत अंतर कसे राखावे?
४. आपल्या गावातील कोणती वही यंदा सर्वांसमोर वाचली गेली नाही?